आमदारांचे कार्यवृत्त वाचताना

अर्थसंकल्पी अधिवेशनानंतर आमदारांचे कार्यवृत्त घरोघरी येते. त्यातील ‘निधी मंजूर’ हे शब्द वाचून आपण निश्चिंत होतो. वस्तुतः संविधानाच्या अनुच्छेद २०३ अन्वये विधानसभेने अनुदानाची मागणी संमत केली, तरी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा व कार्यादेश हे टप्पे उरतातच. आरोग्य केंद्राची इमारत पुष्कळदा तेथेच अडते. ती उभी राहिली तरी डॉक्टरांची पदे निराळी मंजूर व्हावी लागतात. म्हणून बंधुभगिनींनी आमदारांना कार्यादेशाची तारीख विचारावी, असे आम्ही सुचवितो. एस.टी. राज्याच्या अखत्यारीत येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळालेली निम्म्या भाड्याची सवलत अर्थसंकल्पी भाषणातच घोषित झाली होती. लोकलची गर्दी मात्र रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा विषय. ते गाऱ्हाणे, वसईकरहो, खासदारांकडे न्यावे.