तिथीची पाऊणपट आणि चोचीचा बाक

नवी मुंबईत हिवाळ्यात दुर्मिळ पक्ष्याच्या शोधात निघणारा माणूस आदल्या रात्री पक्ष्यांचं पुस्तक चाळत बसत नाही. तो भरती-ओहोटीचं कोष्टक बघतो. कोष्टक हाताशी नसेल, तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. खरी भरती रोज पंचेचाळीस नव्हे, सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हिशेब तासाभराने मागे पडतो. शिवाय खाडीच्या आतल्या अंगाला पाणी थोडं उशिरा चढतं. एवढं धरून चाललं की झालं.

पक्ष्यांचा आणि भरतीचा संबंध साधा आहे. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल मैलोन्‌मैल उघडा पडतो आणि सैबेरियापासून आलेले चिखलपक्षी त्यावर पांगतात. ते किनाऱ्यापासून इतके लांब असतात, की भारी दुर्बिणीतूनही ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. पाणी चढू लागलं की त्यांच्या पायाखालची जमीन जाते. मग ते उठतात आणि भरतीचे दोन-तीन तास काढण्यासाठी बांधाच्या आतल्या उथळ पाण्यात येऊन दाटीवाटीने उभे राहतात. नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला टीएस चाणक्यच्या मागची पाणथळ, एनआरआय वसाहतीमागचं पाणी, डीपीएस तलाव आणि खाली उरणमध्ये पाणजे या त्यांच्या थांबण्याच्या जागा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, चिखल पुरता बुडतच नाही आणि पक्षी खाडीतच राहतात. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या पुढे जातं तेव्हा मात्र त्यांना आत यावंच लागतं. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या नंतरचे एक-दोन दिवस, दुपारी बाराच्या आसपास, ही खरी वेळ. पक्षी बघायला पहाटे उठावं लागतं हा समज या किनाऱ्यावर निम्माच खरा ठरतो.

पाम बीच मार्ग सोडून आत वळलं की पाचेक मिनिटांत जग बदलतं. एका बाजूला काचेच्या बाल्कन्यांचे मनोरे, दुसऱ्या बाजूला तिवरांची रांग, मधे मातीचा बांध. बांधावर तिवई रोवून तीन-चार जण उभे असतात. त्यातला एखादा सरावाचा असतो आणि तो लगेच ओळखू येतो, कारण तो काही शोधताना दिसत नाही. तो मोजत असतो. डावीकडून उजवीकडे, दहा-दहाच्या पुंजक्यांनी, मग शंभर-शंभरच्या. आधी सगळ्यात मोठा थवा, तो बहुधा काळ्या शेपटीच्या गॉडविटांचा. लांब सरळ चोच, बुडाशी गुलाबी, टोकाला काळी. मग लाल पायांचे शेकाट्ये, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, कडेला थापट्या आणि तलवार बदकं, पाण्याच्या काठाने धावणारे टिलवे आणि चिखल्ये. नवखा माणूस पाच मिनिटांत कंटाळून रोहितांकडे, म्हणजे फ्लेमिंगोंकडे वळतो. सरावाचा माणूस गॉडविटच बघत बसतो.

त्याला कारण आहे. डाऊइचर नावाचा दुर्मिळ पाहुणा आला तर तो गॉडविटांच्या घोळक्यातच उभा राहणार, तेही डोकं पंखांत खुपसून. अंगाने किंचित लहान. आशियाई डाऊइचर असेल तर चोच पूर्ण काळी आणि टोकाशी किंचित फुगलेली. तो खायला लागला की चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी सरळ खाली-वर चालते, गॉडविटची तशी चालत नाही. हा फरक ज्याने हजारो गॉडविट बघितले आहेत त्याच्याच नजरेत भरतो. दुर्मिळ पक्षी हुडकण्याचं कौशल्य म्हणजे खरं तर सामान्य पक्षी तोंडपाठ असणं. छंदाच्या या भागाला कोणी वलय देत नाही, कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

लहान पक्ष्यांत तर हे काम डोळे फोडणारं आहे. कर्ल्यू सँडपायपर या खाडीत नेहमीचा; त्याची चोच लांब आणि शेवटपर्यंत सारखी बाकदार. डनलिन इथे क्वचित येतो. त्याची चोच जरा आखूड आणि बाक टोकाकडे. दोघंही करडे, दोघंही चिखलात. खात्री हवी असेल तर ते उडेपर्यंत थांबायचं: कर्ल्यू सँडपायपरच्या शेपटीच्या वरचा भाग स्वच्छ पांढरा दिसतो, डनलिनच्या त्याच भागातून मधोमध काळी रेघ जाते. ब्रॉड-बिल्ड सँडपायपर डोळ्यावरच्या दुहेरी भुवईने आणि टोकाशी अचानक वाकलेल्या चोचीने सापडतो. वर वळलेल्या चोचीचा, पिवळसर नारिंगी पायांचा टेरेक सँडपायपर मात्र ओळखायला सोपा. तो खेकड्यांच्या मागे असा पळतो की त्याला कोणी हुसकावतंय असं वाटावं. आणि कधी तरी, मिठागराच्या किंवा तळ्याच्या पाण्यात एक चिमुकला पक्षी पोहत स्वतःभोवती गिरक्या घेताना दिसतो. तो लाल मानेचा फॅलरोप. हिवाळा तो अरबी समुद्रावर काढतो, जमिनीजवळ येतो तो असा चुकूनमाकून.

पक्ष्यांच्या नावांचीही गंमत होते. लेसर सँड प्लोव्हर हा आपल्या किनाऱ्यावरचा अगदी रोजचा चिखल्या. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी त्याच्या दोन जाती केल्या, तिबेटी आणि सैबेरियन. पश्चिम किनाऱ्यावर येतो तो प्रामुख्याने तिबेटी. त्यामुळे ज्या थव्याकडे काल कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्याच कपाळावरची आणि छातीवरची पिसं आता लोक निरखून बघतात, न जाणो एखादा सैबेरियन निघायचा.

दुर्मिळपणा असा सरकता आहे आणि ठाणे खाडीइतकं हे स्पष्ट दाखवणारी जागा विरळा. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी 1930 च्या दशकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात लेखमाला लिहिली. त्या काळच्या मुंबईकराला खाडीत रोहितांचे गुलाबी ताटवे दिसत नव्हते. 1990 च्या दशकात शिवडीच्या चिखलावर ते मोठ्या संख्येने यायला लागले. शहराच्या सांडपाण्याने खाडीत पोषकद्रव्यं वाढली, त्यावर शेवाळ वाढलं आणि छोटा रोहित नेमकं तेच खातो. आज बीएनएचएसच्या गणनेत त्यांचा आकडा लाखाच्या वर जातो. सरकारने 2015 मध्ये इथे सुमारे 1,690 हेक्टरचं अभयारण्य केलं, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, ऐरोलीच्या सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. एका आयुष्यात नवलाईचा पक्षी महापालिकेच्या भिंतींवरच्या चित्रात जाऊन बसला.

त्याच वेळी थव्यातली साधी मंडळी उलट्या दिशेने निघाली आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक लाल यादीत चिखलपक्ष्यांच्या 16 जातींचा दर्जा खाली आणला गेला. त्यात कर्ल्यू सँडपायपर आहे, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर आहे, करडा चिखल्या म्हणजे ग्रे प्लोव्हरही आहे. हे तिघंही आता ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) या गटात मोडतात आणि तिघंही नेरुळच्या बांधावरून दिसतात. म्हणजे डनलिन दिसला म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवून लोक धावतात, तो कर्ल्यू सँडपायपर जगाच्या हिशेबात डनलिनपेक्षा जास्त अडचणीत आहे. वाट चुकून आलेल्या एका पक्ष्याच्या बातमीला जितकी माणसं जमतात, त्याच्या दहाव्या हिश्शानेही दर महिन्याला टिलवे मोजायला जमत नाहीत. ही तक्रार बांधावर उभे राहणारे जुने लोकच करतात, आणि बातमी आली की तेही धावतात.

खाडी सोडून डोंगराकडे गेलं की डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. खारघरच्या टेकड्या, पारसिकचा डोंगर आणि पनवेलपलीकडचं कर्नाळा. कर्नाळा 1968 पासून पक्षी अभयारण्य आहे. राखी निखार, मलबारी कर्णा, तांबूस पोटाचा गरुड अशी त्याची मिरवायची नावं. पण हिवाळ्यातल्या सकाळी तिथल्या झुडपात पहिल्यांदा ऐकू येतो तो ब्लिथ्स रीड वॉर्बलरचा जिभेने टाळूवर टिचकी मारल्यासारखा ‘टक्’. तपकिरी, बिनखुणेचा, दिसता दिसत नाही. हाच पक्षी वाशीच्या सोसायटीतल्या मेंदीच्या कुंपणातही मार्चपर्यंत मुक्काम ठोकतो आणि खाली चालायला येणाऱ्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. त्याच्या ‘टक्’पेक्षा वेगळी एखादी हाक आली की ऐकणारा थांबतो. बाकी शोध तोच: नेहमीचं काय ते पक्कं ठाऊक हवं.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात शाळांच्या सहली निघतात, भाषणं होतात. खरी मोजदाद जानेवारीत, आशियाई पाणपक्षी गणनेच्या वेळी. ही गणना 1987 पासून चालू आहे आणि तिचं सगळं मोल सलग चालू राहण्यात आहे. त्याच जागी, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षं.

इथे मोजलेल्या आकड्यांना वहीबाहेरचं आयुष्य असतं. नेरुळच्या पाणथळीवर गोल्फचं मैदान आणि इमारती उठवायचा बेत होता. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला खीळ घातली. डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायची वाट बुजली तेव्हा पाणी साचून सडलं आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने त्या तीस एकरांच्या तलावाला राखीव संवर्धन क्षेत्र करायचं ठरवलं. निर्णय तलावापुरता होता. उरणकडे परिस्थिती बिकट आहे. भेंडखळ, बेलपाड्याच्या पाणथळी भरावाखाली गेल्या, पाणज्यात भरतीचं पाणी आत यावं म्हणून भांडावं लागलं. जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्या चिखलावरून सुरू झाला, ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मे 2024 मध्ये घाटकोपरवर उतरत्या विमानाच्या धडकेने एका रात्रीत 39 रोहित मेले होते, त्यामुळे पक्षी भरतीला कुठे जाऊन बसतात हा आता विमानवाल्यांचाही प्रश्न आहे. थांबायच्या जागा बुजवल्या तर पक्षी दुसरी सपाट मोकळी जागा शोधणार, आणि धावपट्टीभोवती ती भरपूर आहे. अशा प्रत्येक वादात कोणता पक्षी, कुठे, कधी, किती याच्या नोंदी पुढे ठेवल्या जातात.

म्हणून नोंद तपासली जाते. ‘ई-बर्ड’ या जागतिक नोंदवहीत प्रत्येक जिल्ह्यासाठी, महिन्यागणिक, कुठला पक्षी किती संख्येपर्यंत अपेक्षित आहे याची चाळण बसवलेली असते. चाळणीत अडकणारी नोंद केली की ती लगेच बाहेरच्या जगाला दिसत नाही. आधी तपशील मागितला जातो, मग एखादा जाणकार स्वयंसेवक ती बघतो. पायांचा रंग? चोचीची लांबी डोक्याच्या मानाने किती? शेजारी कोण उभं होतं, त्याच्यापेक्षा मोठा की लहान? फोटो असेल तर काम झटपट होतं. पण रेड-नेक्ड स्टिंटसारखा पक्षी असेल तर फोटोही पुरत नाही. हिवाळ्यातल्या साध्या टिलव्यात आणि त्याच्यात फरक इतका थोडा, की पंखांच्या टोकाची पिसं आणि पायांची लांबी यांवर वाद रंगतात. पश्चिम किनाऱ्यावर तो विरळा, त्यामुळे नोंदीला वजन मोठं आणि शंकाही तेवढीच मोठी.

अशा वेळी यादीत एक सोय आहे: ‘टिलवा, जात अनिश्चित’. नवखे लोक ती सहसा वापरत नाहीत, त्यांना प्रत्येक पक्ष्याला नाव हवं असतं. बांधावर वीस-पंचवीस हिवाळे काढलेल्यांच्या याद्यांत ती वारंवार सापडते आणि तिच्यासमोर एवढीच टीप असते: पाय काळे, चोच आखूड वाटली, ऊन समोरून होतं, दोनशेच्या थव्यात एकच, उडाला.