एका कढईला एक रात्र

भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीवर पाऊल ठेवलं की आधी आटत्या दुधाचा वास अंगावर येतो. गोड, किंचित करपट, घरी परतल्यावरही ओढणीतून न जाणारा. त्या सकाळी वासाबरोबर एक आवाजही येत होता. पत्र्याच्या खांबाला सुतळीनं बांधलेला मोबाइल ‘श्यामची आई’ वाचत होता. आवाज यंत्राचा, एकसुरी, पूर्णविरामालाही घाईनं ओलांडून जाणारा. भट्टीपुढची बाई दोन्ही हातांनी उलथनं फिरवत होती आणि कान तिकडे लावून होती.

मी खव्यासाठी गेले होते. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्यावर उभा आहे तो कसा होतो, हे पाहायचं होतं. पण लक्ष सारखं त्या खांबाकडे जात राहिलं. पुस्तक कुठून मिळालं, असं विचारलं तर ती म्हणाली, “लायब्रीतून. ताईनं टाकून दिलंय. आता गप बसा जरा, आईचं दुखणं चालू हाय.”

म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा पडतो. काही ठिकाणी आता मोटारीवर फिरणाऱ्या कढया आल्या आहेत, पण इथं अजून हातच फिरतो. दूध उकळायला लागल्यापासून गोळा होईपर्यंत तो थांबवता येत नाही. क्षणभर थांबला तर बूड लागतं आणि सगळा खवा वाया जातो. डोळे कढईत, हात उलथन्यावर, अंगाला धग. अशा माणसाच्या हातात पुस्तक द्यायचं कसं? कान तेवढे मोकळे असतात. ‘श्यामची आई’मधली प्रकरणं म्हणजे एकेक रात्र, श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत हे लिहून काढलं. त्यातली एक रात्र संपायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात एक कढई उतरते. भट्टीवर हिशेबच तसा पडून गेला आहे: एका कढईला एक रात्र.

ताई म्हणजे गावच्या ग्रंथपाल. त्यांची लायब्ररी म्हणजे एक खोली, दोन लोखंडी कपाटं, वर्तमानपत्रांचा लाकडी स्टँड आणि संध्याकाळचे तीन तास. शासनमान्य, ‘ड’ वर्ग. ‘ड’ म्हणजे सर्वांत खालचा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं महाराष्ट्रात गावोगावी अशा खोल्या उभ्या राहिल्या, आणि कायद्याचं हे देणं फार मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. पण अनुदानाचा आकडा ऐकला की मान खाली जाते. २०२२ साली राज्य सरकारनं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा ‘ड’ वर्गाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले. वर्षाला. महिन्याला चार हजार. त्यातच वीज, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं, झाडलोट आणि ताईंचं मानधन. “अठ्ठेचाळीस हजार,” असं त्या कुठल्याही वाक्याच्या शेवटी म्हणतात, तक्रारीच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तशा.

मोबाइलवर पुस्तक द्यायची सुरुवात २०२० साली झाली. त्या वर्षी जानेवारीत उस्मानाबादला ९३ वं मराठी साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. जिल्ह्याच्या गावाचं नाव तेव्हा अजून धाराशिव झालं नव्हतं. ताई एसटीनं गेल्या आणि पिशवी भरून पुस्तकं घेऊन आल्या. त्या पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकून होतात न होतात तोच मार्चमध्ये टाळेबंदीचं कुलूप लागलं. कोरी पुस्तकं आत, वाचणारे बाहेर. तेव्हा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ई-साहित्य प्रतिष्ठानचं एक पुस्तक पाठवलं आणि फुकट, कायदेशीर मराठी ई-पुस्तकं असतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं. मग त्या शोधत गेल्या. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय आहे. मराठी विकिस्रोतावर लोकांनी अक्षर अक्षर टंकून ठेवलेली जुनी पुस्तकं आहेत. मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय आलं.

ताईंचं खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि ते मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. जुन्या पुस्तकाचं स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. माणसाला ते वाचता येतं, मोबाइलच्या आवाजाला येत नाही. म्हणून ज्यांचे हक्क संपलेत अशा पुस्तकांची पानं त्या गुगल डॉक्समधून काढतात, म्हणजे फोटोतली अक्षरं खरी अक्षरं होतात. ती जशी होतात तशी ऐकवता मात्र येत नाहीत. यंत्र ‘घ’चा ‘ध’ करतं, ‘भ’चा ‘म’, पोटफोड्या ‘ष’चा ‘प’. ताई स्क्रीनवर बोट ठेवून ओळ वाचतात, मूळ पान पाहतात, दुरुस्त करतात. पानाच्या माथ्यावरचा क्रमांक राहिला तर आवाज तोही वाचतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ऐन भांडणाच्या मधोमध “एकशे बारा” असा उच्चार आला होता आणि भट्टीवरच्या बायांना तो वाक्याचाच भाग वाटला होता. त्या दिवसापासून ताई आधी क्रमांक पुसतात, मग चुका. माझ्यासमोर त्यांनी अडीच पानं केली. मध्ये दोन मुलं पुस्तक बदलून गेली, चष्मा न आणलेल्या एका आजोबांना मथळे वाचून दाखवले, आणि बोट पुन्हा त्याच ओळीवर आलं.

तयार पुस्तक मेमरी कार्डावर जातं, कार्ड मोबाइलमध्ये. छापील पुस्तकांच्या देवघेव नोंदवहीत याला रकाना नाही. ताईंनी शंभर पानी वही केली आहे: नाव, पुस्तक, कधी दिलं, आणि शेवटी एक रुंद रकाना, ‘काय म्हणाले’. हा रकाना मला फार मोलाचा वाटला. पुढचं पुस्तक त्या त्यावरूनच ठरवतात. ‘श्यामची आई’ संपल्यावर एकीनं म्हटलं होतं, “आई लई सोसती. भांडणारी बाई नाही का कुठं पुस्तकात?” त्यावर ‘स्मृतिचित्रे’ गेलं. सोवळ्या-ओवळ्यानं गांजलेल्या संसारात नवऱ्याशी बरोबरीनं वाद घालणारी लक्ष्मीबाई भट्टीवर अशी रमली की तीच पुन्हा लावा, अशी मागणी आली. या वाचकाला काय आवडेल याचे अंदाज मोठमोठी ॲप बांधतात, पण भांडणारी बाई हवी हे ऐकायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं.

आणि मग चौथ्या रकान्यात एक नोंद आली, तिथं ताई अडल्या. “आपल्याकडचं, आत्ताचं काहीतरी द्या.” ताईंना लगेच आठवलं: कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव, त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा. भाव न मिळालेल्या टोमॅटोंचा बाजारातच चिखल करणारा बाप. दुधाचा दर पडला की काय होतं हे माहीत असलेल्या बायांना ही कथा नवी नाही, घरचीच आहे. छापील संग्रह कपाटात आहे, पण मोबाइलवर घालता येत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून सगळ्यांची झाली. आजच्या लेखकाचा हक्क हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि ताईंना तो मोडायचा नाही. त्यांना तो विकत घ्यायचा आहे.

पण तसं विकत मिळत नाही. छापील प्रत एकदा घेतली की लायब्ररी ती फाटेपर्यंत शंभर जणांना देऊ शकते. श्राव्य पुस्तकांच्या एका कंपनीकडे ताईंनी विचारणा केली, तर उत्तर आलं की वर्गणी एका माणसासाठी असते, संस्थेनं ती वाटायची नाही. अमेरिकेत ही अडचण पैसे मोजून सोडवली आहे. तिथं गावची लायब्ररी प्रकाशकाकडून ई-पुस्तकाचा परवाना घेते, कित्येकदा दोनच वर्षांचा आणि छापील प्रतीपेक्षा महाग. सभासद लिबी नावाच्या ॲपवर पुस्तक मागतो, दुसऱ्याकडे असेल तर रांगेत नाव लावतो, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. न्यूजर्सीतल्या मराठी घरातली मुलगी असं इंग्रजी पुस्तक घरबसल्या ऐकू शकते. भूमच्या भट्टीवर मराठी पुस्तकासाठी तशी रांगच नाही, मग नाव लावणार कुठं?

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यानं एक दार उघडलेलं आहे, पण ते अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांच्याकरता कुठलंही पुस्तक ऐकण्याजोगं करता येतं. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ त्यांना अशी पुस्तकं ऑनलाइन देतं. ते योग्यच आहे. भट्टीवरच्या बाईला डोळे आहेत, हात मोकळे नाहीत. तिच्यासाठी कायद्यात जागा नाही, आणि ती मागायची कुणी हेही ठरलेलं नाही.

मला वाटतं हे काम सरकारचं आहे. ग्रामीण जीवनावर लिहिणाऱ्या लेखकांना रीतसर मोबदला देऊन त्यांच्या पुस्तकांचे श्राव्य हक्क राज्यानं घ्यावेत, चांगल्या वाचकांकडून ती वाचून घ्यावीत आणि गावोगावच्या ग्रंथालयांना द्यावीत. साहित्य आणि संस्कृती मंडळानं फुल्यांचे ग्रंथ छापले आणि पुढे फुकट वाचायला ठेवले, तर हेही अशक्य नाही. ताईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, “आणि तोवर?”

तोवर त्यांनी एक मार्ग काढलाय. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचायला कायदा अडवत नाही, हे त्यांनी एका वकिलाला विचारून घेतलं. बाजाराच्या आदल्या दिवशी भट्ट्या लवकर विझतात. त्या संध्याकाळी बाया लायब्ररीच्या पायरीवर येतात, अंगाला खव्याचा वास घेऊनच. ताई ‘लाल चिखल’मधली दोन पानं वाचतात आणि पुस्तक मिटतात. पुढचं ज्याला हवं त्यानं प्रत न्यावी, सही करून. प्रत एकच आहे आणि मागणाऱ्या सात जणी. अनुदानाचा दुसरा हप्ता आला की आणखी दोन प्रती मागवायच्या, असं ताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. त्याखाली मेमरी कार्डं, चार, आणि विजेचं थकलेलं बिल.