वर्षवचन : निवडावे की लाभावे?

वर्षाच्या अखेरच्या रात्रीची मिस्सा आटोपली की आपल्या काही धर्मग्रामांत एक तबक फिरते. त्यात घडी केलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातील एक वचन असते. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचे वर्षाचे वचन. ते भिंतीवर लागते, पाकिटात राहते आणि पुष्कळदा चाळीस दिवसांचा उपवासकाळ येईतो विस्मरणातही जाते. ही प्रथा आम्हांस प्रिय आहे. म्हणूनच तिच्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे अगत्याचे वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीस यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन मिळाले. देवाने आपल्या लोकांचे कल्याणच योजिले आहे, असा त्याचा आशय. त्याच वर्षीच्या जून महिन्यात तिचे यजमान अचानक निवर्तले. अंत्यविधीनंतर काही दिवसांनी ती चिठ्ठी हातात घेऊनच ती आमच्याकडे आली. "फादर, हे देवानंच मला दिलं होतं ना? मग देव खोटं बोलला, की मीच दुसऱ्याची चिठ्ठी उचलली?" त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही.

चिठ्ठ्या टाकण्यास शास्त्राधार नाही असे नव्हे. चिठ्ठीचा निर्णय देवाच्या हाती असतो असे नीतिसूत्रांचा १६ वा अध्याय सांगतो, आणि मत्थियाची निवडही चिठ्ठीनेच झाली. परंतु तेथेही आधी मंडळीने योग्य अशी दोन माणसे पारखून पुढे केली होती. शिवाय ही घटना पेन्टेकॉस्टच्या पूर्वीची आहे. पवित्र आत्म्याच्या अवतरणानंतर शिष्यांनी एखादा निर्णय चिठ्ठी टाकून घेतल्याचे नव्या करारात पुन्हा कोठेही आढळत नाही. अंत्युखियात बर्णबा व शौल यांस वेगळे केले गेले ते प्रार्थना व उपवास चालू असता.

संत ऑगस्टीनचे उदाहरण येथे बोलके आहे. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्याने पौलाची पत्रे उघडली, दृष्टीस पडला तो उतारा वाचला आणि त्याचे जीवन पालटले. तोच ऑगस्टीन पुढे यानुआरियस यास लिहिलेल्या पत्रात, ऐहिक व्यवहारांसाठी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल घेणाऱ्यांविषयी नापसंती व्यक्त करतो. यात विसंगती नाही. बागेतील त्या उताऱ्याने त्याचे भविष्य वर्तविले नव्हते. त्याने काय सोडावे व काय धारण करावे एवढेच सांगितले होते. भविष्य जाणण्यासाठी शास्त्राचा असा उपयोग करणाऱ्यांविरुद्ध इ. स. ५०६ च्या आग्द येथील धर्मसभेस नियम करावा लागला. वर्षफल वाचण्याची हौस मनुष्यस्वभावात किती खोल आहे हे यावरून दिसते. आपण पंचांग दूर ठेविले आणि त्याच्या जागी चिठ्ठी आणली, तर फारसे काही साधले असे आम्हांस वाटत नाही.

या बाबतीत प्रोटेस्टंट बांधवांपासून शिकण्यासारखे आहे. सॅक्सनीतील हेर्नहूट या वसाहतीत ३ मे १७२८ रोजी काउंट झिन्झेन्डॉर्फ यांनी दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले. ते घरोघर जाऊन सांगण्यात आले. १७३१ पासून ही दैनिक वचने पुस्तकरूपाने निघतात आणि आज ती पन्नासांहून अधिक भाषांत वाचली जातात. जुन्या करारातील वचन तेथे आजही चिठ्ठीनेच निघते. पण त्यास जुळणारे नव्या करारातील वचन विचारपूर्वक निवडले जाते. मुख्य म्हणजे ते वचन सर्वांचे असते, कोणा एकाचे नशीब नसते. पुढे १९३० मध्ये ओटो रिटम्युलर या पाळकांनी जर्मन युवकांसाठी संपूर्ण वर्षाचे एक वचन सुरू केले. पहिले वचन रोमकरांस पत्र १:१६ हे होते. आज तेथील प्रोटेस्टंट व कॅथॉलिक संस्था एकत्र बसून, काही वर्षे आधीच, ही निवड करतात. २०२६ सालासाठी त्यांनी प्रकटीकरण २१:५ घेतले आहे.

अलीकडे काही तरुण 'धैर्य', 'शांती' असा एकच शब्द वर्षासाठी निवडतात. त्यांच्या उत्साहास आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र वाक्यातून सुटलेला शब्द फार आज्ञाधारक असतो. आपण म्हणू तो अर्थ तो धारण करतो. इजिप्तच्या अरण्यातील तपस्वी वडीलधाऱ्यांकडे 'एक शब्द द्या' अशी याचना करीत, ती याच कारणास्तव की तो शब्द त्यांचा स्वतःचा नसावा. इतिहासकार सोक्रातेस याने पांबो नावाच्या निरक्षर तपस्व्याची हकीकत दिली आहे. तो एकाकडे स्तोत्र शिकावयास गेला. जिभेने पाप घडू नये म्हणून सावध राहण्याचा निश्चय सांगणारी ३९ व्या स्तोत्राची पहिली ओळ ऐकताच तो उठला. दुसरी ओळ ऐकावयास थांबलाच नाही. सहा महिन्यांनी शिक्षकाने जाब विचारला, तेव्हा पहिलीच अजून आचरणात उतरली नाही असे तो म्हणाला. पुष्कळ काळाने एका मित्राने पुन्हा विचारले. एकोणीस वर्षांत ती जेमतेम साधली, असे त्याने सांगितले. एका वर्षाची मुदत आपण कोठून आणली, कोण जाणे!

त्या भगिनीकडे नंतर आम्ही पुन्हा गेलो आणि यिर्मयाचे ते पत्र तिच्यासह आरंभापासून वाचले. ते बाबेलमध्ये बंदिवान असलेल्यांस लिहिलेले आहे. अकराव्या वचनाच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ते ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्यांना सांगितले होते ते घरे बांधावयास, मळे लावावयास आणि ज्या परक्या नगरात आपण आहोत त्याच्या हितासाठी प्रार्थना करावयास. पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या मुलखात घरे बांधून राहिलेल्या आपल्या लोकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे सगळं चिठ्ठीवर नव्हतं."

तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठीवर वचनाऐवजी अध्यायाचा क्रमांक लिहितात. अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचावयाचा, आठ दिवस थांबावयाचे आणि ज्या वाक्याने मनास अडविले ते घ्यावयाचे. केवळ सुखविले ते नव्हे. मागील वर्षाचे वचन अपुरे राहिले असेल तर तबकास हात न लावता तेच पुढे चालविण्याची मोकळीक आहे. १ जानेवारीच्या मिस्सेत वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानातही मरिया मेंढपाळांच्या गोष्टी केवळ अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन करते. त्यांचा अर्थ त्याच रात्री तिला उमगला असे लूक म्हणत नाही. गेल्या डिसेंबरात त्या भगिनीने तबक पुढच्या बाकाकडे सरकविले. तिची जुनी चिठ्ठी अजून तिच्या बायबलमध्ये आहे; मागच्या कोऱ्या बाजूस तिने पेन्सिलीने पाचवे, सहावे आणि सातवे वचन लिहून ठेविले आहे.