मोटारीची स्प्रिंग : घरीं बदलावी कीं गॅरेजांत?

कापसानें भरलेल्या बंडीला स्प्रिंग नसते. चाक खड्ड्यांत गेलें कीं धक्का आंसापासून थेट गाडीवानाच्या पाठीपर्यंत पोंचतो, आणि त्यावर उपाय म्हणून तो आपल्या खालीं तणसाचा जाड थर पसरतो. बैलांच्या चालीला एवढी सोय पुरते. परंतु ताशीं साठ किलोमीटर वेगानें धांवणारें चाक त्याच खड्ड्यांत आदळलें तर तणसाचा उपयोग नाहीं. मोटारीच्या चाकाजवळची स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा शॉक-अॅब्झॉर्बर यांचें काम तेथें सुरू होतें. हे भाग झिजले म्हणजे ते घरीं बदलावे कीं गॅरेजांत द्यावे, हा प्रश्न मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराला केव्हां ना केव्हां पडतो.

केळापूर तालुक्यांत तो लवकर पडला तर नवल नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील या तालुक्याचें मुख्य ठिकाण पांढरकवडा हें नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. या मार्गाचा जुना क्रमांक ७. महामार्गावर गाडी सुखानें धांवते, पण तो सोडून खेड्यांकडे वळलें कीं काळ्या मातीचा मुलूख लागतो. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. खालीं मुरुमाचा व खडीचा पुरेसा थर नसेल, तर तिच्यावरचा रस्ता दरवर्षीं कोठें वर येतो, कोठें खचतो, आणि कांहीं पावसाळ्यांनंतर त्याला लाटांसारखे चढउतार पडतात. अशा रस्त्यावर स्प्रिंगला आणि शॉक-अॅब्झॉर्बरला क्षणाची उसंत मिळत नाहीं.

या दोन भागांचीं कामें वेगवेगळीं आहेत. गाडीचें वजन पेलते ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढलें कीं ती दबते आणि धक्का स्वतः घेते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तिला लागू आहे : भार दुप्पट झाला तर दबणेंही दुप्पट. परंतु घेतलेलें सारें परत देण्याची तिला खोड असते. दबली तितकी ती उसळते, उसळली तितकी पुन्हां दबते. आणि तिला आवरणारें कोणी नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी झोपाळ्यासारखी झुलत राहील. हे झोके आवरण्याचें काम शॉक-अॅब्झॉर्बरचें. मेस्त्री लोक त्यालाच 'शॉकअप' म्हणतात. बंद नळींत तेल, तेलांत दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रें व झडपा, अशी त्याची रचना असते. दट्ट्या हलला कीं तेलाला त्या अरुंद वाटेनें जावें लागतें, आणि त्या ओढाताणींत झोक्याची शक्ति उष्णतेंत बदलते. खडबडीत रस्त्यावरून बराच वेळ धांवलेल्या गाडीचा शॉक-अॅब्झॉर्बर म्हणूनच हाताला गरम लागतो. नांवावरून तो धक्का शोषतो असें वाटतें. वस्तुतः धक्का सोसते स्प्रिंग, आणि शॉक-अॅब्झॉर्बर शमवितो तो तिची उसळी.

जुन्या गाड्यांत हे भाग एकमेकांपासून वेगळे असत. २०१४ सालीं जिचें उत्पादन थांबलें त्या अँबॅसडर गाडीच्या मागील आंसाला पोलादी कमान-पाटे असत आणि शॉक-अॅब्झॉर्बर निराळा. तो झिजला तर पाट्यांना हात न लावतां बदलतां येई. पुढें अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्यानें स्प्रिंग व शॉक-अॅब्झॉर्बर एकाच खांबांत गुंफले. त्या खांबाला स्ट्रट म्हणतात. १९५० सालीं इंग्लंडांत पुढें आलेल्या फोर्ड कॉन्सल गाडीला अशी रचना होती, आणि भारतांत डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० नें ती मध्यमवर्गाच्या दारांत आणून उभी केली. आज बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर असाच स्ट्रट असतो. त्यानें जागा वांचली, भागही कमी झाले. परंतु शॉक-अॅब्झॉर्बर बदलावयाचा तर त्याच्याभोंवतीं दाबून बसविलेली स्प्रिंगही उतरवावी लागते. घरगुती दुरुस्तीचा मोठा धोका या एका गोष्टींत आहे.

झीज ओळखावी कशी? गाडीचा कोपरा दाबून सोडून देण्याची परीक्षा जुनी आहे. गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली तर ठीक; ती दोनतीनदां झुलली तर शॉक-अॅब्झॉर्बर संपला असें समजावें. परंतु अर्धवट झिजलेला भाग या परीक्षेंतून निसटतो, म्हणून इतर खुणाही पाहाव्या. नळीवर तेलाचा ओघळ, ब्रेक लावतांच गाडीचें पुढें वांकणें, टायरवर ठिकठिकाणीं पडलेले खळगे, या शॉक-अॅब्झॉर्बरच्या झिजेच्या खुणा होत. गाडी एका बाजूस बसलेली दिसली तर संशय स्प्रिंगवर घ्यावा. सपाट जागीं डाव्या व उजव्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजलें म्हणजे कोणती बाजू बसली तें कळतें. खडे लागून स्प्रिंगचा रंग उडाला आणि तेथें चिखल सांचून राहिला कीं गंज चढतो, व एखादें वेटोळें तुटतें. यांत केवळ बसणारांच्या सुखाचा प्रश्न नाहीं. उसळणारें चाक क्षणभर रस्ता सोडतें, आणि जें चाक रस्त्याला टेकलेलें नाहीं तें ब्रेक लावूनही गाडी थांबवूं शकत नाहीं.

आतां स्प्रिंगच्या ताकदीचा हिशेब. लहान गाडीची पुढची स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबण्यास २० किलो भार लागतो असें धरलें, तर १२ सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्यें २४० किलोचा रेटा असतो. भरलेलें घरगुती गॅसचें सिलिंडर, म्हणजे सुमारें ३० किलोचें ओझें, अर्ध्या मीटरवरून पडलें असतां जितकी शक्ति बाहेर पडते, जवळजवळ तितकी या स्प्रिंगमध्यें कोंडलेली असते. आणि ती एकाएकीं सुटली तर तिच्या वाटेंत काम करणाराचा चेहरा व हात असतात. स्प्रिंगला कोंडून ठेवतो तो स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट. चाक अधांतरीं केलें, स्ट्रट गाडीबाहेर काढला, तरी स्प्रिंग पुरती सैल होत नाहीं. म्हणून घरीं काम करणाराची सीमा स्पष्ट आहे : मधल्या नटाच्या अलीकडचें काम घरीं होण्यासारखें आहे, पलीकडचें नाहीं.

अलीकडचें काम असें. जॅक मातीच्या अंगणांत लावूं नये. काळी माती ओली असली तर तो रुततो आणि कलतो. फरशीची किंवा काँक्रीटची सपाट जागा घ्यावी, हातब्रेक ओढावा आणि मागील चाकांना पुढून व मागून दगड लावावे. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. नंतर गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही तिच्याखालीं जाऊं नये. चाक काढल्यावर ब्रेकची रबरी नळी व इतर तारा स्ट्रटवरून सोडवाव्या. स्ट्रटचा पाय ज्या मोठ्या बोल्टांनीं जखडलेला असतो, त्यांची जागा ओरखडा काढून नोंदवावी, म्हणजे जोडणी पहिल्या जागीं करतां येते. बोल्ट निघतांच चाकाचा भाग बाहेर झुकतो. त्याचें ओझें ब्रेकच्या नळीवर पडूं नये म्हणून तो तारेनें बांधून ठेवावा. शेवटीं बॉनेटखालील माथ्याचे केवळ बाहेरचे नट काढावे, आणि त्या वेळीं दुसऱ्या माणसानें स्ट्रट खालून धरून ठेवावा.

सुटलेला स्ट्रट नव्या सामानासह गॅरेजांत न्यावा. गाडी स्टँडवर अडकलेली असल्यानें नेण्याआणण्याची सोय आधींच करून ठेवावी लागते. पांढरकवड्यापासून दूरच्या खेड्यांत ही अडचण क्षुल्लक नाहीं. तेथें स्प्रिंग कशी दाबतात हें डोळ्यांनीं पाहावें. पक्कें बसविलेलें यंत्र सर्वांत चांगलें. दोन आंकड्यांचें हातयंत्र असेल तर आंकडे समोरासमोर लावून दोन्ही स्क्रू आळीपाळीनें थोडेथोडे फिरविले पाहिजेत. दोरीनें वा तारेनें बांधून काम उरकणाराकडे स्ट्रट देऊं नये. माथ्यावरचें रबर, त्यांतील बेअरिंग आणि धुळीचें वेष्टण याच वेळीं तपासावें, आणि स्प्रिंगचें टोंक बैठकीच्या खांचेंत नीट बसलें कीं नाहीं हेंही पाहावें. डावीउजवी जोडी एकदमच बदलावी. एक नवा व एक जुना राहिला तर दोन्ही चाकें रस्त्याला सारखीं चिकटून राहत नाहींत.

ज्याच्याजवळ चांगले पाने, स्टँड आणि मोकळा दिवस नाहीं, त्यानें सबंध गाडीच गॅरेजांत द्यावी. मजुरी अधिक पडेल, परंतु सर्व जबाबदारी एका ठिकाणीं राहील. काम कोठेंही होवो, जोडणीनंतर बोल्ट उत्पादकानें सांगितलेल्या मापानें आवळलेले असावेत, आणि चाकांची सरळ रेषा, म्हणजे व्हील अलाइनमेंट, तपासून घ्यावी. स्ट्रटच्या पायाची जागा किंचित् सरकली तरी टायर एका कडेनें झिजतो. पहिल्या प्रवासानंतर नट पुन्हां एकदां पाहावे. घरीं काम केल्यानें बोल्ट काढण्याघालण्याची मजुरी वांचेल, आणि ती वांचवावयास कांहींच हरकत नाहीं. मधल्या नटाची मजुरी मात्र यंत्र बाळगणाऱ्या कसबी मेस्त्रीला आनंदानें द्यावी.