नळदुर्गची ‘पोलीस कारवाई’

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेली भारतीय फौज नळदुर्गपाशी हैदराबाद संस्थानाच्या मुलखात शिरली आणि बोरी नदीवरील पूल तिने शाबूत ताब्यात घेतला, तेव्हा तिच्याजवळ रणगाडे होते, तोफा होत्या, पाठीशी विमाने होती, आणि मोहिमेची सूत्रे मेजर जनरल जे. एन. चौधरी या कसलेल्या सेनानीच्या हाती होती. तरीही ती प्रसिद्ध झाली ती ‘पोलीस कारवाई’ या नावानेच.

या नामकरणामागे कायद्याचा सूक्ष्म विचार होता. युद्ध दोन सार्वभौम सत्तांमध्ये होते, पोलीस मात्र आपल्याच हद्दीत बंदोबस्त करतात. निजामाने विलीनीकरण नाकारून २९ नोव्हेंबर १९४७ रोजी केवळ ‘जैसे थे’ करारावर स्वाक्षरी केली होती, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे फिर्यादही गुदरली होती. ‘युद्ध’ म्हटले असते, तर हैदराबादचे सार्वभौमत्व मान्य केल्यासारखे झाले असते. परिषदेपुढे भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनी, परिषदेकडे दाद मागण्याचा अधिकारच हैदराबादला नाही, ही बाजू मांडली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत फिर्यादही मागे घेतली.

परंतु वर्षभरापूर्वीच, जुलै १९४७ मध्ये, डच सरकारने इंडोनेशियात सैन्य घातले होते तेही ‘पोलीस कारवाई’ म्हणूनच, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे हा त्यांचा दावा अमान्य करून ते प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या दोन देशांपैकी एक भारत होता. १९५० साली कोरियात फौजा धाडताना अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीही हेच नाव मान्य केले. तरीही डचांना वसाहत राखायची होती आणि भारताला एका संस्थानी प्रजेची सुटका करायची होती, हा भेद मला मूलगामी वाटतो.

त्या प्रजेचे हाल खरे होते. निजामाची सत्ता टिकवण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरचा वकील. त्याच्या टोळ्यांच्या जुलमाने गावेच्या गावे हद्दीपलीकडे पळाली होती, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी तुरुंग आणि मृत्यू दोन्ही पत्करले होते. फौजेचे स्वागत झाले ते मनापासून.

मात्र ज्या नावाने बाहेरच्या जगाला दूर ठेवले, त्याच नावाने आतला हिशोबही झाकला. रझाकारांच्या पाडावानंतर सूडाची लाट उसळली आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता असे असंख्य मुसलमान रहिवासी तीत मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर संस्थानात फिरून चौकशी केली; उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक पोळलेले जिल्हे म्हणून नोंदले, आणि संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो दप्तरबंद राहिला. ‘पोलीस कारवाई’त इतकी माणसे मेली, हे कबूल करताच ते नावच टिकले नसते.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि तो व्हावाच. पण धाराशिवच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादच्या, शाळाशाळांतून त्या दिवशी हुतात्म्यांच्या नावांबरोबर या अहवालाचेही वाचन झाले पाहिजे, कारण मुसलमान शेजाऱ्यांना वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे.