लाकूड-पत्र्याचा उंच वाफा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जमिनीच्या पातळीपेक्षा उंच केलेल्या मातीच्या सपाट पट्ट्याला गादीवाफा म्हणतात, आणि कांदा, मिरची किंवा वांग्याची रोपे तयार करण्यासाठी बीड जिल्ह्यातील शेतकरी तो पूर्वापार घालत आला आहे. या गादीवाफ्याच्या चारही बाजूंना लाकडाची चौकट आणि पत्र्याच्या भिंती उभारून, त्यात बाहेरून आणलेली माती भरली म्हणजे जो कायमचा उंच वाफा तयार होतो, त्याविषयीच या लेखात विवेचन केले आहे. ग्रामीण जीवनोन्नतीच्या 'उमेद' अभियानातील पोषण परसबागेमुळे घरामागच्या भाजीपाल्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले असले, तरी या चौकटीच्या वाफ्याबद्दल दोन टोकांचे समज ऐकू येतात : एक म्हणजे तो दुष्काळी भागावरचा रामबाण उपाय आहे, आणि दुसरा म्हणजे पत्र्यामुळे भाजी विषारी होते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

उंच वाफा ही परदेशी शोभेची वस्तू आहे हा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. हैदराबादजवळील इक्रिसॅट या 1972 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनसाठी मराठवाड्यात शिफारस केलेली रुंद वरंबा सरी पद्धत हीदेखील उंच वाफ्याचीच शेतावरची आवृत्ती आहे. तिच्यात रुंद वरंब्यावर पीक राहते आणि दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून जादा पाणी निघून जाते. चौकटीचा वाफा त्याच तत्त्वाला घराच्या अंगणात भिंती देतो, एवढाच फरक.

अधिक खोल रुजलेला गैरसमज पाण्याचा आहे. उंच वाफ्यामुळे पाण्याची बचत होते असे सर्रास सांगितले जाते. परंतु वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे, कारण उंचावलेल्या मातीतून पाण्याचा निचरा लवकर होतो, बाजूच्या भिंती उन्हाने तापतात, आणि सपाट जमिनीतील मातीला खालच्या थरातील ओलाव्याचा जो आधार मिळतो तो उंचावलेल्या मातीला कमी मिळतो. बीड जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे 650 ते 700 मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही मोठ्या खंडांसह पडतो. म्हणून जेथे माती हलकी पण खोल आहे आणि पाणी विकत घ्यावे लागते, तेथे उंच वाफ्याऐवजी कडेने बांध घालून जमिनीपेक्षा थोडा खोलगट केलेला वाफा हाच शहाणपणाचा ठरतो.

मग चौकटीचा वाफा या जिल्ह्यात कोठे उपयोगी पडतो? याचे उत्तर जमिनीत आहे. गोदावरीच्या काठी, म्हणजे गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत, खोल काळी माती आहे. या मातीतील चिकण कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसून भेगा पाडतात; फुगल्यावर निचरा मंदावतो, त्यामुळे श्रावण-भाद्रपदातील झडीत परसातील वांगी-मिरचीची मुळे पाण्याखाली गुदमरतात आणि झाड उभ्याउभ्या सुकते. अशा परसात मुळांचा थर फूट-दीड फूट वर उचलणे हा खरा उपाय आहे. दुसरीकडे पाटोदा, आष्टी आणि धारूर या बालाघाट डोंगररांगेवरील भागांत बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तेथे उंच वाफा निचऱ्यासाठी नव्हे, तर माती साठवण्यासाठी लागतो. या दोन परिस्थिती सोडल्या तर चौकटीवरचा खर्च टाळणेच बरे, आणि ज्या दोन ठिकाणी तो करायचा तेथेही उसाच्या पाचटाचे किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे जाड आच्छादन, तसेच ठिबकची नळी किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरलेले सच्छिद्र मडके यांच्याशिवाय उन्हाळा निभावत नाही.

पत्र्यातील जस्त भाजीत उतरून विषबाधा होते, हा समज सर्वांत अधिक बोलला जातो. बाजारात मिळणारा पांढरा पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद होय. त्याचा भारतीय मानक क्रमांक 277 असून, मुलामा दर चौरस मीटरला किती ग्रॅम, तोही दोन्ही बाजू मिळून, यावरून पत्र्याची प्रत ठरते. 120 ग्रॅम प्रतीच्या पत्र्यावर एका बाजूला जस्ताचा थर सुमारे 8 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. 8 फूट लांब, 4 फूट रुंद आणि दीड फूट उंच वाफ्याच्या आतल्या बाजूवरील सगळे जस्त एकत्र केले तरी ते 200 ग्रॅमच्या आसपास भरते, आणि त्यासमोर माती असते दोन टनांहून अधिक. शिवाय जस्त वेगाने विरघळते ते आम्लधर्मी मातीत. बीडची काळी माती सामान्यतः चुनखडीयुक्त आणि किंचित विम्लधर्मी असल्यामुळे तिच्यात जस्त हळूहळू सुटते आणि सुटलेलेही बहुतांशी न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते. मराठवाड्यातील अनेक जमिनींत जस्ताची कमतरताच आढळते व तेथे झिंक सल्फेट देण्याची शिफारस केली जाते, ही गोष्ट या भीतीसमोर ठेवण्यासारखी आहे. अर्थात पत्रा लावला म्हणजे पिकाची जस्ताची गरज भागली, असा उलटा निष्कर्षही काढू नये.

भीती बाळगायचीच असेल तर ती अन्य वस्तूंची बाळगावी, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की त्यांपैकी बहुतेक वस्तू वाफा 'टिकाऊ' करण्यासाठी आवर्जून वापरल्या जातात. पहिली वस्तू म्हणजे ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलीचे जळालेले ऑइल. लाकडाला ते फासले की वाळवी लागत नाही हा ग्रामीण भागातील पक्का समज आहे. परंतु वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले जड धातू आणि ज्वलनातून तयार झालेली, कर्करोगास कारण ठरू शकणारी संयुगे असतात, आणि पावसाने ती मातीत उतरतात. दुसरी वस्तू म्हणजे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर : ते क्रिओसोट या दगडी कोळशापासून काढलेल्या डांबरी तेलात मुरवलेले असतात, उन्हात ते तेल पाझरते, आणि म्हणून भाजीच्या वाफ्याला ते सर्वथा वर्ज्य होत. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेले हिरवट लाकूडही याच रांगेत बसते. अमेरिकेत घरगुती वापरासाठी त्याचे उत्पादन 2003 अखेर थांबवण्यात आले.

जुन्या रंगवलेल्या दारे-खिडक्यांच्या फळ्यांबाबतही सावध राहणे आवश्यक आहे, कारण भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत 90 भागांची मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली आणि ती 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच अधिक असू शकते. सिमेंटचा पत्रा तर मुळात धातूचा पत्राच नव्हे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ते कापताना, फोडताना किंवा भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांत जाऊन कित्येक वर्षांनी गंभीर आजार उत्पन्न करते. सबब छपरावरून उतरवलेला असा पत्रा फुकट मिळाला तरी वाफ्यासाठी घेऊ नये.

लाकडाविषयीचा प्रचलित समज कडुनिंबाभोवती फिरतो. कडुनिंब कडू, म्हणून त्याच्या लाकडाला वाळवी शिवत नाही, असे मानले जाते. वस्तुतः कडुनिंबातील किडींना रोखणारे ॲझाडिरेक्टिन हे द्रव्य प्रामुख्याने निंबोळीच्या बीमधील मगजात असते, लाकडात नव्हे, आणि सततच्या ओलीत त्याची फळीही कालांतराने पोखरली जाते. कोणत्याही झाडाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात, म्हणजे खोडाच्या मधल्या गडद भागात असतो, तर सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी वाळवी खाते. म्हणून वखारीतून लाकूड घेताना केवळ 'साग आहे' या शब्दावर न जाता फळीचा रंग पाहावा. बाभळीचा जुना गाभा किंवा माळवदाच्या पाडलेल्या घरांतील न रंगवलेल्या तुळया या नव्या पांढऱ्या सागापेक्षा अधिक काळ टिकतात.

लाकूड आणि पत्रा एकत्र वापरण्यामागचे खरे कारण येथे स्पष्ट होते. पत्रा आत, मातीला लागून, आणि लाकूड बाहेर, हवेवर, अशी रचना केली म्हणजे लाकूड ओल्या मातीला टेकत नाही आणि पावसानंतर लवकर वाळते. चौकटीची खालची कडी जमिनीवर न ठेवता विटांच्या किंवा फरशीच्या ओळीवर ठेवली तर वाळवीला वर चढण्यासाठी मातीच्या नळ्या उघड्यावर बांधाव्या लागतात, त्या दिसतात आणि खरवडून काढता येतात. जमिनीत गाडायचे खांब लाकडाऐवजी लोखंडी अँगलचे घेणे अधिक योग्य. लाकडाला लावायचेच असेल तर जवसाचे कच्चे तेल लावावे, जे हवेतील प्राणवायूने हळूहळू घट्ट होऊन लाकडावर पापुद्रा धरते. मात्र त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

नालीदार पत्रा कसाही लावला तरी चालतो, हाही एक समज आहे, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या पावसाळ्यात पोट सुटलेल्या भिंतीच्या रूपाने दिसतो. पत्र्याची ताकद नाल्यांच्या लांबीच्या दिशेने असते. खांब उभे आणि पत्रा त्यांच्यामध्ये ताणलेला असेल, तर नाल्या आडव्या असल्या पाहिजेत, म्हणजे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत प्रत्येक नाली दाब वाहून नेते; उभ्या नाल्यांना वर आणि खाली अशा दोन आडव्या लाकडी कड्यांचा आधार लागतो. दीड फूट उंचीच्या ओल्या मातीचा 8 फुटी बाजूवरील एकूण रेटा साधारण 200 किलोंच्या घरात जातो, आणि काळी माती फुगली की त्यात भर पडते. म्हणून खांब अडीच ते तीन फुटांवर ठेवून, समोरासमोरच्या लांब बाजू मध्यभागी जाड तारेने एकमेकींना बांधाव्यात. पत्रा ग्राइंडरने न कापता पत्रा कापण्याच्या कात्रीने कापावा, कारण ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचे जस्त जळते आणि गंज तेथूनच सुरू होतो. कापलेली कड लाकडी पट्टीखाली झाकणे हे तर लहान मुलांच्या हातापायांसाठी अत्यावश्यक आहे.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, हा समज कुंडीपासून मोठ्या वाफ्यापर्यंत सर्वत्र आढळतो. परंतु बारीक मातीतील सूक्ष्म पोकळ्या पाणी केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत द्रव धरून ठेवणाऱ्या ओढीने, घट्ट धरतात. खालच्या खडीतील मोठ्या पोकळ्यांना ती ओढ नसते, आणि त्यामुळे वरची माती तळाशी पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. खडीचा थर म्हणजे मुळांची खोली तेवढी कमी करणे होय. वाफ्याला तळ नसावा, त्यात पत्रा किंवा प्लास्टिक अंथरू नये, आणि माती भरण्यापूर्वी खालची जमीन टिकावाने खणून मोकळी करावी, एवढे पुरते.

भरण्याच्या मातीसंबंधी बीडमध्ये गाळाला मोठा मान आहे. पाझर तलावांतील गाळ काढून शिवारात टाकण्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 मध्ये सुरू झाली, आणि मुरमाड शेतासाठी गाळ निश्चितच उपकारक आहे; पण चौकटीत निव्वळ गाळ भरला तर तो दोन पाण्यांनंतर दगडासारखा बसतो, कारण त्याचे कण अत्यंत बारीक असतात. वरील मापाच्या वाफ्याला 48 घनफूट, म्हणजे जवळजवळ अर्धा ब्रास भरण लागते. त्यातील निम्मी चांगली माती किंवा गाळ, एक तृतीयांश पूर्ण कुजलेले शेणखत आणि उरलेला भाग बारीक चाळलेला मुरूम, हे प्रमाण काळ्या मातीच्या प्रदेशात वापरण्याजोगे आहे. चुलीची राख मात्र मुठी-मुठीने टाकू नये : कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीला जी राख मानवते, ती आधीच विम्लधर्मी असलेल्या बीडच्या मातीचा विम्लपणा वाढवते, लोह झाडाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. भरण वाचवण्यासाठी तळाशी कापसाच्या पऱ्हाट्या घालण्याची युक्तीही जपून वापरावी, कारण वाळक्या बोंडांसह असलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि कुजताना त्या वरच्या मातीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतात.

पत्र्यामुळे मुळे भाजतात या शंकेत थोडे तथ्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतची काही बोटे माती खरोखरच तापते. परंतु ओली माती सावकाश तापत असल्यामुळे आतला भाग सुरक्षित राहतो, आणि त्या बाजूने चुन्याचा हात देणे किंवा गोणपाट टांगणे एवढ्यावर काम भागते.

राहिला गच्चीचा प्रश्न. दोन टनांहून अधिक वजनाचा हा वाफा माळवदावर किंवा अभियंत्याला न विचारता स्लॅबवर ठेवणे धोक्याचे आहे. तसाच प्रश्न हंगामी स्थलांतराचा : ज्या घरांतील माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात, त्यांनी मृगात गवार, भेंडी, चवळी आणि दोडका लावून दसऱ्यापर्यंत वाफा मोकळा करावा, आणि जाताना त्यावर पाचटाचा जाड थर अंथरावा. घरी पाणी घालायला कोणीच राहत नसेल, तर हिवाळी भाजीसाठी म्हणून अशा वाफ्यावर पैसे घालू नयेत.