डोक्यावरचा चट्टा, केसांचे रोपण आणि बिलाचा हिशेब

भट्टीचा भडका, यंत्रमागाच्या पट्ट्यात अडकलेले केस, नाहीतर मोटारसायकलवरून पडणे. जखम भरते, पण डोक्यावर केस नसलेला चट्टा राहतो. रोज गिऱ्हाइकासमोर बसणारा माणूस मग टोपी उतरवायला कचरतो.

अशा चट्ट्यावर डोक्याच्या मागच्या भागातले स्वतःचेच केस मुळासकट लावता येतात. ही शौकिनांची नवी फॅशन नव्हे. जपानचे डॉ. ओकुदा यांनी 1939 मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले, ते मुख्यतः भाजून किंवा जखमेने केस गेलेल्या रुग्णांसाठी. जायज-नाजायजचा प्रश्न काहींना पडतो. दोष दूर करण्यासाठी स्वतःच्याच शरीराचा भाग एका जागेवरून दुसऱ्या जागी लावण्यास जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने 1988 मध्ये मान्यता दिली आहे.

मात्र चट्ट्याची कातडी म्हणजे मुरमाड जमीन. रक्तपुरवठा कमी, म्हणून लावलेली सगळी मुळे धरत नाहीत. जाणकार सर्जन जखम चांगली जुनी होऊ देतो, आधी थोडी मुळे लावून काही महिने थांबतो, मगच पुढचे काम घेतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, त्याने घाबरू नये. नवे केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात, खरा निकाल वर्षाने. चट्टा अरुंद असेल तर तो कापून टाके घालणे कधी कधी स्वस्त पडते, हेही विचारावे. ‘एकाच बैठकीत हमखास’ म्हणणाऱ्याकडे बयाणा देऊ नये. हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचेच, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये बजावले आहे.

आता हिशेब. दर बहुधा मुळागणिक असतो, म्हणून मुळांचा अंदाज लेखी घ्यावा. केस-रोपणाला जीएसटीची माफी नाही, पण अपघात किंवा इजेने झालेली हानी दुरुस्त करण्यासाठी ते केले तर माफी आहे. आरोग्य विम्यातही तसेच: सौंदर्याची शस्त्रक्रिया वगळलेली, पण अपघात किंवा भाजण्यानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. तरी मंजुरी पॉलिसीच्या बाकीच्या अटींवर अवलंबून, तेव्हा कंपनीला आधीच लेखी विचारावे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि बिलावर ‘भाजल्याचा व्रण’ किंवा ‘अपघाताचा व्रण’ असे कारण लिहून घ्यावे, सोबत जुने दवाखान्याचे कागद जोडावेत. नुसते ‘हेअर ट्रान्सप्लांट’ लिहिलेल्या बिलावर दावा अडकण्याचीच शक्यता जास्त.